पृथ्वी नव्हे, मीच उलटलो होतो

मुठीत मावेल एवढं, पितळी डबीतलं मी एक जुनं होकायंत्र आहे. चारठाण्याजवळच्या एका लहान गावातल्या शाळेत माझा मुक्काम. माझ्या सुईचं लाल टोक उत्तर दाखवतं. मला येतं ते एवढंच. पण मित्रांनो, ते मी तीस वर्षं इमानानं केलं. गावात कुणी घर बांधायला काढलं की मला मानानं बोलावणं यायचं. माझ्या डबीला हळदीकुंकू लागायचं. खरं सांगतो, त्यामुळं मला थोडा गर्व झाला होता.

मागच्या वर्षी वैजीनाथ आणि कोकिळाबाई या नवरा-बायकोनं घर बांधायला घेतलं, तेव्हाही दिशा मीच दाखवली. दोघं दर हिवाळ्यात ऊस तोडायला जातात. आठ हंगाम उसाच्या फडावर खोपीत काढून त्यांनी काळ्या दगडाचं जोतं उभं केलं. दार पूर्वेला ठरलं. यंदा ऊसतोडीला न्यायला गाडी यायच्या आत त्यांना घर पुरं करायचं होतं.

आणि नेमका घोटाळा झाला. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम संपल्यावर शाळेचे शिपाई नागनाथमामा यांनी आवराआवरीच्या घाईत मला लाउडस्पीकरच्या पाठीला टेकवून ठेवलं. तिथं दांडगं लोहचुंबक असतं. त्याच्यापुढं माझ्या काडीएवढ्या सुईचं काय चालणार? माझी उत्तर-दक्षिण उलटी झाली आणि मला पत्ताही लागला नाही.

दाराची चौकट बसवायच्या दिवशी वैजीनाथ मला खात्रीसाठी घेऊन गेले. जोत्यावर ठेवताच माझं लाल टोक दक्षिणेला गेलं आणि तिथंच ठाम उभं राहिलं. वैजीनाथांचा चेहरा उतरला. पृथ्वीचे ध्रुव उलटे होणार, असा एक व्हिडिओ त्यांनी आठवड्यापूर्वीच मोबाईलवर पाहिला होता.

"पलटी झाली," ते मिस्त्रीला म्हणाले. "आपलं दार पश्चिमेला गेलं. जोतं फोडा."

बातमी पारावर पोचली. कुणी म्हणालं, आता विहिरी उपड्या होतील. उत्तरेला डोकं करून झोपू नये म्हणून दत्तराव आजोबांनी तर भरदुपारी बाज उलटी फिरवून घेतली.

कोकिळाबाई मात्र जोत्यावर जाऊन बसल्या. मिस्त्रीनं पहार उचलली, तरी उठल्या नाहीत.

"आठ साल फडात राबले म्या ह्याच्यापायी," त्या म्हणाल्या. "आधी बाईंला इचारा, मंग फोडा."

शाळेच्या कावेरीबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुणालाही हसल्या नाहीत, याचं मला आजही फार कौतुक वाटतं. त्यांनी जमलेल्यांपैकी तिघांचे मोबाईल घेतले, त्यांतली होकायंत्रं उघडली आणि जोत्यावर लांब लांब ठेवली. तिन्हींची उत्तर जिथल्या तिथं होती. उलटा मी एकटा.

"पृथ्वीचे ध्रुव उलटले असते तर चारही होकायंत्रं फिरली असती," बाई म्हणाल्या. "फिरलंय ते फक्त आमच्या शाळेचं."

मित्रांनो, मला जागा असती तर मी डबीतल्या डबीत तोंड लपवलं असतं.

व्हिडिओ साफ खोटा नाही, हेही बाईंनी समजावलं. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड घुसळत असतं, त्यातून तिचं चुंबकत्व येतं आणि त्याची उत्तर-दक्षिण खरोखर अदलाबदल होते. पण त्याला हजारो वर्षं लागतात, आणि मागची अदलाबदल होऊन पावणेआठ लाख वर्षं झाली. तेव्हासुद्धा फिरते ती सुई. सूर्य उगवायची बाजू बदलत नाही. मग बाईंनी जोत्यावर हात ठेवला. आपला हा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस, त्या म्हणाल्या. त्यातले कितीतरी थर सुईचं लाल टोक दक्षिणेला वळेल अशा काळात थिजले आणि ती खूण दगडानं अजून पोटात जपली आहे.

कोकिळाबाईंनी दगडावरून तळवा फिरवला.

"ह्या दगडानं पलटी सोसली हाय. मंग आपुन कामून भ्यायचं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बसवा चौकट."

तिसऱ्या प्रहरी चौकट उभी राहिली. तीस वर्षांच्या नोकरीवर फुगणारा मी त्या दगडाकडं आणि कोकिळाबाईंकडं बघतच राहिलो.

ओशाळलेले वैजीनाथ म्हणाले, हे खुळं यंत्र आता विहिरीत टाका. कावेरीबाईंनी ऐकलं नाही. शाळेत नेऊन त्यांनी पट्टीचुंबक माझ्या काचेवरून एकाच दिशेनं कितीदा तरी फिरवलं. हळूच माझं लाल टोक थरथरलं, वळलं आणि उत्तरेला जाऊन थांबलं. मला स्पीकरला टेकवल्याचं आठवून नागनाथमामांनी माझ्यासाठी लाकडाची वेगळी पेटी करून दिली.

मित्रांनो, मला स्पीकर, मोबाईल आणि लोहचुंबकापासून दूर ठेवा. माझ्यावर विश्वास ठेवा, पण मधूनमधून मला दुसऱ्याशी ताडूनही पाहा. आणि कधी चुकलोच, तर फेकून देऊ नका. वळवणारा हात मिळाला की चुकलेली सुईसुद्धा ताळ्यावर येते.