मोरितांच्या उरलेल्या एकोणचाळीस फेऱ्या

शुक्रवार, १८ जानेवारी १९९१. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सौदी अरेबियात रास तनुराजवळच्या एका तेल कंपनीच्या कॅम्पमध्ये भोंगा वाजला आणि केंजी मोरिता हे अठ्ठावन्न वर्षांचे जपानी तपासणी अभियंते बॅचलर क्वार्टर्सच्या बाहेरच्या जिन्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. क्षेपणास्त्र आलं नव्हतं. फोनवरून चुकीचा हुकूम मिळाला होता. भोंग्याचं बटण दाबणारे होते त्या पाळीचे वॉर्डन, नाशिकचे विजयकुमार देवस्थळी.

आखाती युद्ध सुरू होऊन जेमतेम सव्वा दिवस झाला होता.

त्या वेळी मोरिता जिन्यावर काय करत होते, हे कॅम्पमध्ये बहुतेकांना माहीत होतं. ते घाट चढत होते. जपानमध्ये इसेपासून कुमानोच्या देवस्थानांपर्यंत जाणारी जुनी यात्रावाट आहे, डावीकडे समुद्र आणि उजवीकडे डोंगर ठेवून. मोरिता आणि त्यांची बायको फुमिको दरवर्षी रजेत तिचा थोडाथोडा भाग चालत. ऑगस्टमध्ये कुवेत पडलं, रजा रद्द झाल्या. सप्टेंबरात फुमिकोबाईंना हृदयाचा झटका आला. शस्त्रक्रिया हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी वाट पुरी होऊ दे, मग सही करीन.

म्हणून मोरितांनी ती वाट कॅम्पात आखली. कुंपणाच्या आतली फेरी एक किलोमीटर सातशे मीटर. शंभर फेऱ्या म्हणजे एकशे सत्तर किलोमीटर. नकाशावरच्या सोळा खिंडींसाठी चार मजल्यांचा जिना: एका वेळेला तेरा मीटर, तर सव्वातीनशे मीटरच्या खिंडीला पंचवीस वेळा वर. दर शुक्रवारी ते फोन करून आकडा सांगत आणि फुमिकोबाई हॉस्पिटलच्या भिंतीवरच्या नकाशात टाचणी पुढे सरकवत. पडले तेव्हा एकसष्ट फेऱ्या आणि नऊ खिंडी झाल्या होत्या. दहावीच्या पंचविसांपैकी अठरा.

डॉक्टरांनी फुमिकोबाईंना फेब्रुवारीअखेरपर्यंतची मुदत दिली होती. त्यापुढे शस्त्रक्रिया करता येईल याची त्यांना खात्री नव्हती.

विजयकुमार रोज कॅम्पच्या हॉस्पिटलात जात. मोरितांचा पाय वजन लावून टांगलेला होता.

"मोरिता-सान, फोनवर सांगून टाका, पोहोचलो म्हणून," ते तिसऱ्या दिवशी म्हणाले. "जीव वाचतोय ना त्यांचा?"

"सदतीस वर्षं मी न घेतलेलं रीडिंग लिहिलेलं नाही."

"ही काय प्रेशर गेजची गोष्ट आहे?"

"तिला कळेल."

मग विजयकुमारांनी विचारलं, दुसरं कोणी चाललं तर? मोरितांनी उत्तर द्यायला चार दिवस घेतले. मग ते म्हणाले, जपानी खेड्यांत पूर्वी वर्गणी काढून एकालाच यात्रेला पाठवत, तो सगळ्यांच्या वतीने जाऊन येई. म्हणजे तशी रीत आहे, पण फुमिकोला विचारावं लागेल. शुक्रवार, २५ जानेवारीला फोन लागला. तिकडून होकार आला. अट एकच: जे झालं ते सगळं, झालं तसं कळवायचं.

सोमवार, २८ जानेवारीला विजयकुमारांनी बासष्टावी फेरी सुरू केली. कॅम्पचा नियम होता की सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, त्याहून जास्त उघड्यावर राहायचं नाही आणि गॅस मास्कची पिशवी कमरेला हवी. ते दिवसाला दोन फेऱ्या घालत आणि वर जिना चढत. सहा दिवसांत बारा फेऱ्या आणि दोन खिंडी झाल्या.

बुटांबद्दल मोरितांनी काही विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. विजयकुमार पहिल्या दिवसापासून अनवाणी चालत होते. आईने त्यांच्या मुंजीनंतरच्या आजारपणात सप्तशृंगीचा डोंगर अनवाणी चढला होता. नवस म्हटला की पायात काही घालायचं नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नव्हतं. बूट ते पहिल्या कोपऱ्यावर वाळूच्या पोत्यांमागे काढून ठेवत. शनिवारी, २ फेब्रुवारीला, कुंपणाच्या नव्या काटेरी तारेचा तुकडा उजव्या टाचेत घुसला. त्यांनी तो उपसला, रुमाल बांधला, फेरी पूर्ण केली आणि कोणाला सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी ताप एकशे तीनवर गेला.

मलमपट्टी करायला दापोलीकडचे हुसेनमियाँ होते, कॅम्प हॉस्पिटलात अठरा वर्षं वॉर्डचं काम करणारे. त्यांनी टाच उचलून उजेडात धरली.

"काय वो साहेब, कंपनीनं बूट दिले नाहीत काय?"

"दिलेत."

"मग ते काय शोकेसात ठेवलेत?"

"यात्रा होती, मियाँ."

"यात्रा करा की. आमचे लोक हजला जातात, तिथंसुद्धा चपला असतात पायात. ह्या तारेला काय ठाऊक तुमचा नवस?"

शेजारच्या खाटेवरून मोरितांनी विचारलं, काय झालं. विजयकुमारांनी इंग्रजीत सगळं सांगितलं. मोरितांनी मान वळवून टाच पाहिली.

"आमच्या वाटेवर यात्रेकरूला गावचे लोक गवताच्या चपला देत," ते म्हणाले. "एक जोड तुटली की पुढच्या गावात दुसरी. पाय सांभाळणं हा यात्रेचाच भाग. तुम्ही बारा फेऱ्या चाललात, त्या धरल्या. पण जखम शनिवारी झाली. आज रविवार."

"वाटलं, बरी होईल."

"एक दिवस लपवलीत."

डॉक्टर म्हणाले, दहा दिवस पाय जमिनीला लावायचा नाही. सत्तावीस फेऱ्या आणि पाच खिंडी उरल्या होत्या.

विजयकुमारांची बायको पद्मजा खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसली होती. मुलीला, ओवीला, डिसेंबरातच नाशिकला आजोळी पाठवलं होतं. पद्मजा गेली नव्हती.

"उद्यापासून मी चालते," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? भोंगा वाजला तर?"

"तर धावीन. तुम्ही वाजवलात तर जरा आधी सांगा."

हुसेनमियाँ हसू दाबत ट्रे घेऊन उठले.

"अगं, जिना आहे. पंचवीस-पंचवीस वेळा."

"तिसऱ्या मजल्यावर राहते मी. लिफ्ट ऑगस्टपासून बंद आहे. रेशनच्या पिशव्या कोण चढवतं?" मग ती मोरितांकडे वळली आणि हिंदीमिश्रित इंग्रजीत विचारलं, "बाईमाणसानं चाललेलं चालतं का?"

"पूर्वीपासून," मोरिता म्हणाले. "कित्येक पवित्र डोंगरांवर बायकांना बंदी होती. कुमानोनं कुणाला परत पाठवलं नाही." त्यांनी कागद मागवला आणि खिंडींचे आकडे नव्याने लिहून दिले. सर्वांत वर लिहिलं: बूट.

सोमवार, ४ फेब्रुवारीला पद्मजा कॅनव्हासचे बूट, सलवार-कमीज आणि मास्कची पिशवी अशी निघाली. दोन दिवसांत चार फेऱ्या झाल्या. बुधवारी सकाळी समुद्राकडच्या कुंपणालगतची वाट बंद सापडली. कुवेतकडून समुद्रात सोडलेल्या तेलाचा तवंग दक्षिणेकडे सरकत होता, तो अडवण्याच्या तरंगत्या नळ्या ठेवायला ती बाजू सैनिकांनी घेतली होती. आता फेरी गोदामांमागून आखूड पडत होती. तिने पावलं मोजली, मग सुरक्षा कार्यालयातल्या नकाशावर दोरा लावून पाहिलं: एक किलोमीटर शंभर मीटर.

मोरितांनी खाटेवर पडल्या पडल्या हिशेब केला. उरलेल्या तेवीस फेऱ्या म्हणजे एकोणचाळीस किलोमीटर शंभर मीटर. आखूड फेऱ्या साडेपस्तीस.

"छत्तीस धरते," पद्मजा म्हणाली.

"साडेपस्तीस आणि थोडं. अर्ध्या फेरीनंतर कुठं थांबायचं ते मी दाखवतो."

"अर्ध्या वाटेवर थांबून मी परत कशी येऊ? उडत?"

मोरितांनी छत्तीस लिहिलं. गेल्या तीन आठवड्यांत ते हसलेले हुसेनमियाँनी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

नवी अडचण समुद्राची होती. आखूड फेरीवरून तो दिसत नव्हता आणि वाटेत तो डावीकडे असायला हवा. पद्मजाने त्यावर काही केलं नाही. जिन्याच्या चौथ्या मजल्यावरून कुंपणापलीकडचं पाणी दिसायचं, तेवढं तिने मोरितांना सांगितलं आणि त्यांनी तेही टिपून ठेवलं. शुक्रवारच्या फोनवर तसंच सांगितलं. फुमिकोबाईंनी त्या दिवशी टाचणी सरकवायला वेळ घेतला, असं मोरिता नंतर म्हणाले.

१० फेब्रुवारीला दोन्ही वेळा भोंगे वाजले, एकही फेरी झाली नाही. १३ला वाऱ्याबरोबर इतकी वाळू आली की पहारेकऱ्यांनी पद्मजाला फाटकावरूनच परत पाठवलं. १४ला विजयकुमारांना घरी सोडलं, पण चालायला मनाई होती. ते जिन्याखाली खुर्ची टाकून बसत आणि मोठ्याने मोजत. एकदा ते एकवीसनंतर तेवीस म्हणाले. पद्मजा वरूनच ओरडली, "बावीस! मोरितांना सांगीन." आणि उतरून पुन्हा चढली.

१९ तारखेला पंधरावी खिंड झाली, २१ला सोळावी आणि शेवटची. नकाशावर तिथून पुढे वीसेक किलोमीटर सपाट गोट्यांचा किनारा आणि शेवटी देवस्थान. त्या शुक्रवारी, २२ फेब्रुवारीला, फुमिकोबाईंच्या डॉक्टरांनी फोनवर मोरितांशी स्वतः बोलून घेतलं: शस्त्रक्रिया बुधवारी, २७ला ठेवली आहे, सही मंगळवारी रात्रीपर्यंत हवी. अकरा आखूड फेऱ्या उरल्या होत्या. दिवस चार.

रविवारी पहाटे जमिनीवरची लढाई सुरू झाली. सकाळचा तास रद्द झाला. पद्मजाने संध्याकाळच्या तासात तीन केल्या. विजयकुमार त्या दिवशी बूट-मोजे घालून, टाचेखाली कापूस ठेवून तिच्या मागे चालले.

"तुमची फेरी धरणार नाहीत," ती म्हणाली.

"नको धरू देत."

सोमवार, २५ फेब्रुवारीला संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी छत्तिसावी फेरी पूर्ण झाली. विजयकुमार साठ-सत्तर पावलं मागे होते. पद्मजा घरी न जाता तशीच घामेजलेली हॉस्पिटलात गेली. मोरिता पाय टांगलेला असतानाच कमरेतून वाकले, जितके वाकता येत होते तितके.

जपानचा फोन संध्याकाळी सहाचा ठरला होता; तिकडे तेव्हा मध्यरात्र, पण फुमिकोबाई जाग्या राहणार होत्या. लाइन लागली नाही. पावणेनऊच्या सुमाराला धहरानच्या बाजूला क्षेपणास्त्र पडलं आणि त्यानंतर कुठलाच फोन लागेना.

मंगळवारी सकाळी मोरितांनी दोन पानांचा मजकूर सांगितला, कार्यालयातल्या जपानी सहकाऱ्याने लिहून घेतला. त्यात सगळं होतं: भोंगा, बारा अनवाणी फेऱ्या, टाच, एक दिवस लपवलेली जखम, आखूड फेरी, न दिसलेला समुद्र, पद्मजा. विजयकुमारांनी विचारलं, अनवाणीचं आणि समुद्राचं लिहायलाच हवं का? तेवढ्यावरून त्या नाही म्हणाल्या तर?

"तर नाही म्हणेल," मोरिता म्हणाले. "घाला मशीनमध्ये."

सव्वानऊला फॅक्स गेला. जपानमध्ये तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. उत्तर आलं नाही.

बुधवारी, २७ तारखेला, सकाळी दोनेक मिनिटांसाठी फोन लागला. परिचारिका बोलली. फॅक्स मंगळवारी चार वाजता बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मंगळवारी रात्री सही झाली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया एक दिवस पुढे ढकलली. बाईंनी विचारलं आहे, त्या भारतीय बाईंचं पूर्ण नाव काय. मोरितांनी नाव सांगितलं, अक्षर अक्षर सुटं करून, दोनदा. पलीकडे परिचारिका ते लिहून घेत होती. तेवढ्यात लाइन तुटली.

गुरुवार, २८ फेब्रुवारी. सकाळी आठला तोफा थांबल्या. दुपारी बारापर्यंत जपानचा फोन लागलेला नाही. तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेत; सही झाली की नाही, इथं कुणाला माहीत नाही.