टेबलाच्या पोटाखालची टकटक

मी एक जुनं टेबल आहे, आणि खरं सांगायचं तर अर्धंच. जोडीदाराला खेटवलं की आम्ही सहाकोनी होतो आणि सहा मुलं आमच्याभोवती समोरासमोर बसतात. मित्रांनो, कोलंबियाच्या डोंगरातल्या कॉफीच्या मळ्यावर मी झाड होऊन सावली धरून उभा होतो. मग मला कापलं, तासलं आणि मळ्याशेजारच्या शाळेत आणलं.

आमच्या शाळेची रीत अशी, की गटातल्या सगळ्यांना समजल्याशिवाय गट पुढच्या धड्याला हात लावत नाही. प्रत्येकाचा मक्याचा एक रंगीत दाणा डब्यात असतो. ज्याचा दाणा निघेल, त्यानं गटातर्फे उत्तर द्यायचं.

एका वर्षी आमच्या गटात लुसेली आली. आठ वर्षांची, शिकायला सावकाश आणि बोलायला त्याहून सावकाश. मुलं इतकी मायाळू, की तिची वही स्वतःच लिहून द्यायची आणि तिचा निळा दाणा डब्यात टाकायचीच नाहीत. "बिचारीला कशाला त्रास!" म्हणे. माझ्यावर रोज उघडणाऱ्या त्या वहीत लुसेलीचं एक अक्षर नव्हतं. मला फार वाईट वाटायचं.

तिच्या आईनं, एदिल्मानं, एकदा ती वही पाहिली.

"बाई, हे हिचं अक्षर नाही. मला काय कळत नाही होय? सोमवारपासून ही घरीच राहील."

नोएमीबाईंचा चेहरा उतरला. "शुक्रवारपर्यंत थांबा हो," त्या म्हणाल्या आणि निळा दाणा त्यांनी स्वतः डब्यात टाकला.

"झालं! आता म्हातारे होईपर्यंत हाच धडा," एस्नेइदर म्हणाला. हा गटातला वात्रट. वैतागून त्यानं माझ्यावर डोकं टेकलं आणि ताडकन उठला. "ए, गप्प बसा रे! टेबल वाजतंय!"

वाजतच होतं. लुसेलीचं नख माझ्या पोटाखाली टकटक करत होतं. मला ते कधीचं ठाऊक होतं, पण माझं कोण ऐकणार? पाचही जणांनी माझ्यावर कान टेकले.

"चार खेचरं, प्रत्येकावर तीन पोती," गटातल्या यामिलेनं हळूच विचारलं.

नख वाजलं: तीन, थांबा. तीन, थांबा. असं चारदा. बरोबर बारा! अहाहा, त्या पाच कानांची ऊब मी अजून विसरलो नाही.

शुक्रवारी एदिल्मा आली. बाईंनी डबा उचलला, तर ती म्हणाली, "दाणा कशाला? हिलाच विचारा की."

"पाच खेचरं, तीन-तीन पोती," बाई म्हणाल्या.

लुसेलीनं हात वर घेतला आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर, सगळ्यांदेखत टकटक सुरू केली. चौदा झाले आणि बोट थांबलं. एस्नेइदरनं तोंड उघडलं, तशी यामिलेनं त्यावर हात ठेवला. सगळा वर्ग थांबला.

टक.

"अगं बाई!" एदिल्मानं माझ्यावरच कान टेकला. "पुन्हा वाजव गं, लेकी."

सोमवारी लुसेली शाळेतच होती.

मित्रांनो, आता माझा एक पाय डुगडुगतो. तो नीट केलात तर उपकार होतील. पण कुणाची वही मायेनंसुद्धा भरून देऊ नका. थोडं थांबा आणि कान लावा. मला तर काही महिने कळत असूनही सांगता येत नव्हतं. तुम्हाला तोंड आहे, कळलं की सांगा.