आज तू ओरडायचं नाहीस

घशाची गोळी जिभेखाली सरकली, तिचा पहिला कडवट-गार रस खाली उतरला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आज हिचा काही उपयोग नाही. अकरा वर्षं सरावाआधी मोजे, बूट, पट्ट्या आणि ही गोळी... हात आपोआप डबीकडे गेला होता. आता थुंकायची कुठे? समोर बादलीत ओले टॉवेल, दोन्ही बाजूंना पोरी. ती चोखत बसली. जाऊ दे खड्ड्यात.

"उद्या तू ओरडायचं नाहीस," मॅडम काल म्हणाल्या होत्या. मॅडम म्हणजे कोच. भिंतीवर गेल्या शनिवारच्या फुटबॉल मॅचचा व्हिडिओ थांबवून ठेवलेला, आणि त्यात ती स्वतः — हात वर, तोंड उघडं, झेंडेवाल्याकडे बघत ऑफसाइड मागत उभी. आणि तिच्या मागे पलीकडच्या टीमची पोरगी बॉल घेऊन एकटीच गोलकडे निघालेली. आधी पळायचं, मागायचं नंतर — हे दहा वर्षांच्या पोरींना शिकवतात. तिनेच शिकवलंय कितीतरी जणींना.

"तुझी हाक उशिरा आली," मॅडम म्हणाल्या. "बॉल निघायच्या वेळेला तू हाक देत नाहीस, तुझे पाय तयार झाले की देतेस. आणि बाकीच्या तिघी तुझ्या घशाकडे डोळे लावून उभ्या. उद्या हाक मुकी देईल. शनिवारी मागच्या फळीत मधे मुकी नक्की. तिच्या शेजारी तू की डावखुरी, ते उद्या बघून ठरवते."

बघून ठरवते. भाजीच आहे ना, दाबून बघा.

डावखुरी सहा महिन्यांच्या दुखापतीतून उठलेली, सव्वीस वर्षांची, ताजी. आणि मुकी एकोणीसची. टीममध्ये येऊन चार महिने झाले, या चार महिन्यांत हिने 'हो', 'नाही' आणि 'पाणी' याखेरीज काही म्हटलं असेल तर देव जाणे, म्हणून तर हे नाव. आणि ही हाक देणार! चौघींची लाइन हिच्या चिवचिवाटावर पुढे सरकणार!

"ताई, आज तोंडाला कुलूप म्हणे?" गोलकीपरने हातमोजे चढवत विचारलं. "चावी माझ्याकडे दे, सांभाळते."

"तुझ्याकडे दिलेलं थांबतं का काही? गेल्या शनिवारी बॉलसुद्धा थांबला नाही."

पोरी फिदीफिदी हसल्या. मुकी बुटाच्या नाड्या आवळत होती; तिने मान वर केली नाही.

मैदानाकडे जाणारी वाट सिमेंटची, बुटांचे खिळे त्यावर कडकड वाजतात. आवाज करायला तिला अजून आवडतं. हळू... हळू गं... हा तिच्या लहानपणातला पहिला शब्द. वडील कारखान्यात रात्रपाळीला, दिवसा झोपायचे; दोन खोल्या, मधे दार नाही, पडदा. आई भांडी फडक्यावर ठेवून घासायची. भांडायचं तर चिमटे काढून, रडायचं तर उशीत. वडील वाईट नव्हते, झोपलेले होते एवढंच; पण झोपलेल्या माणसाचाही धाक असतो. आणि मग शाळेच्या संघाला एक पोर कमी पडली, हिला मागे उभी केली, कुणीतरी म्हणालं — मागून सगळं दिसतं, दिसेल ते ओरडून सांग. ओरडून सांग! तेरा वर्षांच्या पोरीला कुणी पहिल्यांदाच असं सांगितलं होतं. त्या संध्याकाळी घसा बसला, आई म्हणाली, कुणाशी भांडून आलीस? खोटं कशाला बोलू, मी खेळाच्या प्रेमात पडले नव्हते. ओरडायला मिळतं म्हणून राहिले. खेळ नंतर आला.

आणि मावशी दर भेटीत विचारते, गोल किती मारलेस? क्लबांतून खेळले त्या अकरा वर्षांत तीन. त्यातला एक आपल्याच जाळ्यात. "मग तू नेमकं करतेस काय गं तिथे?" काय करते! पहिल्या क्लबात कपडे बदलायला पुरुषांच्या संघाच्या फाटक्या जाळ्यांची खोली, अंगात त्यांचेच उतरलेले शर्ट, मैदान त्यांचं झाल्यावर उरेल ते, म्हणजे भर दुपारी बाराचं. ते सगळं गिळून, तीन क्लब बदलून, नाक दोनदा मोडून घेऊन मी समोरच्यांचं होऊ घातलेलं काम होऊ देत नाही, मावशी. जे झालंच नाही ते दाखवू कुठून तुला?

शिट्टी झाली. आपसातली मॅच, राखीव पोरी पलीकडे. चौघी उभ्या राहिल्या: कडेला दोघी, मधे ती आणि मुकी, हातभर अंतरावर नाही, पण खोकला ऐकू येईल इतक्या जवळ. डावखुरी रेषेबाहेर, हाताची घडी घालून.

चौघींनी एका दमात पुढे सरकायचं, म्हणजे मागे घुसू बघणारी पोरगी नियमाबाहेर एकटी उरते, ऑफसाइड. एका दमात; एक जरी मागे राहिली तरी सगळं फुकट. म्हणून हाक एकीचीच.

"वर," मुकी म्हणाली.

वर! असं म्हणतात? शेजारीण साखर मागायला आली की याहून मोठ्याने मागते. कडेच्या दोघींना काही ऐकूच गेलं नाही. तिला गेलं. स्पष्ट गेलं. आणि ती हलली नाही... बॉल अजून पलीकडच्या पोरीच्या पायात होता, आत्ताच कशाला सरकायचं, वेळ झाली की बघू, असं तिने स्वतःला सांगितलं — आणि बॉल मधून सुटला, मुकी एकटी पुढे, बाकी तिघी मागे, गोल.

गोलकीपरने जाळ्यातून बॉल काढत तिच्याकडे पाहिलं. तिच्या घशात हाक गच्च भरलेली, दाताशी येऊन थांबलेली.

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा ती शेळीची हाक, पुन्हा लवकर, पुन्हा ती हलली नाही, गोल. आणि या वेळी आत काहीतरी मऊ, गोड असं पसरलं: बघा. घ्या तुमची मुकी. रेषेबाहेर मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. लिहा, लिहा.

मग मुकीकडे लक्ष गेलं. पोरगी दोन्ही हात कमरेवर ठेवून, खाली बघत, ओठ चावत उभी. ना तक्रार, ना कुणाकडे बोट. आपल्या आत पसरलेल्या त्या गोड गोष्टीला काय म्हणतात हे तिला ठाऊक होतं. पहिल्या क्लबात एका थोरलीने तिच्याशी हेच केलं होतं, बॉल मुद्दाम एक वीत मागे द्यायची, आणि वर म्हणायची, शिकेल हळूहळू. त्या बाईला तिने आठ वर्षं शिव्या घातल्या होत्या... आणि आज, काय हाल गं तुझे! एका जागेसाठी तीच बाई होऊन उभी राहिलीस?

तरीही प्रश्न राहिलाच, ही हाक इतकी लवकर का देते? भीतीने? की... ओरडायचं नसल्यामुळे डोळे मोकळे होते. तिने बॉल सोडून बॉलवाल्या पोरीकडे पाहिलं. पोरगी मान वर करून जागा शोधत होती... शोधत होती... मग तिची मान खाली गेली, बॉलकडे, मारण्यासाठी — आणि नेमकं तेव्हाच:

"वर."

ती गेली. खात्री न करता, न बघता, दुसऱ्याच्या शब्दावर डोळे मिटून उडी मारावी तशी. ती हललेली दिसली म्हणून कडेच्या दोघीही हलल्या. बॉल आला तो मागे पलीकडच्या तीन पोरी तोंडं वासून उभ्या, झेंडा वर. मान खाली गेली की मारणारीला दिशा बदलता येत नाही. ही पोर बॉल निघायची वाटच बघत नाही. आणि ते क्षणाचं अंतर, ज्यासाठी गेलं वर्षभर ती बर्फात पाय बुडवून बसत होती, उठताना भिंत धरत होती, कुणाला सांगत नव्हती, ते मुकीच्या त्या शेळीच्या हाकेत होतं. फुकट. पाय उशिरा नव्हते. हाक उशिरा होती.

पुढची वीस मिनिटं ती फक्त गेली. एकदा चुकलं, मुकीचंच. त्याचाही गोल झाला. चालायचंच.

सराव संपल्यावर नळापाशी मुकी बाटली भरत होती.

"ताई, माझा आवाज पोचतो का?"

"नाही."

बाटली भरून वाहू लागली.

"मला पोचतो. कडेच्या दोघींना नाही. त्या मला बघून निघतात." पुढचं बोलायला तिला ओरडण्यापेक्षा जास्त दम लागला. "पहिल्या दोन गोलांनाही पोचला होता. मी गेले नाही."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"तुम्हाला जायचं असलं की तुमची डावी टाच आधी उठते. तेव्हा नव्हती उठली."

"मग तेव्हा बोलली का नाहीस, भवाने?"

"तुम्ही बोलू देता का कुणाला?"

गोलकीपर मागे होती. ती हसता हसता नळाला टेकली. "मुकी बोलली! वाजवा रे कुणीतरी!" ती स्वतःही हसली, दोनदा मोडलेलं नाक दुखेपर्यंत. मग म्हणाली, "उद्यापासून पोटातून हाक काढायला शिकवते. पहाटे ये. आणि मला ते मानेचं शिकव."

शब्द निघून गेले, मग लक्षात आलं. आवाज मोठा झाला की मुकीला तिची गरज उरणार नाही. अर्धी गरज आज आहे ती आवाज लहान आहे म्हणून. तिने शब्द परत घेण्यासारखं काही तोंडात शोधलं, सापडलं नाही.

मॅडम वही बगलेत मारून निघाल्या. "उद्या यादी लावते," एवढंच. चेहरा दगडाचा. डावखुरी त्यांच्यामागून, काहीतरी विचारत.

घरी जाताना चौकात सिग्नल लाल होता. पलीकडे दहाबारा माणसं थांबलेली: पिशव्या, डबे, एक बाई पोराचं बखोट धरून. यांच्यातलं आधी कोण निघेल? तिने माना बघितल्या, टाचा बघितल्या. चष्मेवाला, तिने मनात म्हटलं. निघाली ती पिशवीवाली. पुढच्या सिग्नलला पुन्हा चुकलं. तेहतिसाव्या वर्षी, ज्या कामाची सर्वांत जुनी जाणकार म्हणून ती मिरवते त्याच कामात, ती ढ होती. आणि गंमत म्हणजे लाज वाटत नव्हती, भूक लागल्यासारखं काहीतरी वाटत होतं. यादीत नाव नसेल तर भांडेन, हे नक्की, कडाडून भांडेन. पण पहाटे मैदानावर जायचंय ते त्यासाठी नाही...

तिसऱ्या सिग्नलला हिरवा दिवा लागला. माना बघता बघता ती रस्ता ओलांडायला विसरली. पलीकडे नवी माणसं येऊन उभी राहत होती.