मावशींचा खोका

"सर, मला लॅटिन येत नाही," मावशी समोरच्या प्राध्यापकांना म्हणाल्या, आणि आमच्या साहेबांचा चेहरा पडला.

पडणारच. गेली वीस वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक लेखकाला सांगत आले होते, "आमच्याकडे लॅटिनच्या तज्ज्ञ आहेत, काळजी सोडा." तज्ज्ञ म्हणजे प्रेसमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसून प्रुफं तपासणाऱ्या मावशी. शिक्षण शाळेपुरतं. या प्राध्यापकांच्या जाडजूड पुस्तकात त्यांनी दोनशे बारा दुरुस्त्या काढल्या, तेव्हा या तज्ज्ञांना भेटायला प्राध्यापक स्वतःच येऊन उभे राहिले. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "नुसतं हं हं करा, मावशी." निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. नोकरी जाईल या धास्तीने मावशींनी डबासुद्धा उघडला नव्हता. पण खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नाही, त्याला कोण काय करणार?

"मग हे कुणी केलं?" प्राध्यापकांनी लाल खुणांनी भरलेलं पान पुढे धरलं.

"मीच." मावशींनी टेबलाखालून बुटांचा खोका काढला. आत कार्डं ठासून भरलेली. "नियम सोपा आहे, सर. प्राचीन ग्रंथाचं लॅटिन नाव तिरक्या टायपात. पहिल्या शब्दाला मोठं अक्षर, बाकीचे लहान. मध्ये विशेषनाम आलं तरच पुन्हा मोठं. आता विशेषनाम कुठलं, हे मला कसं कळणार? म्हणून दर शनिवारी लायब्ररीत बसून एकेक शब्द शोधला. माणूस, गाव की नदी, तेवढं लिहून ठेवलं."

"आणि त्या ग्रंथांच्या संदर्भातले माझे पानांचे आकडे का खोडलेत?"

"तुमच्या आवृत्तीतलं चाळिसावं पान दुसऱ्या आवृत्तीत सत्तरावं असतं. भाग आणि परिच्छेद दिला की आवृत्ती कुठलीही असो, वाचक नेमका तिथेच पोचतो. त्या बिचाऱ्याला कशाला फिरवायचं?"

प्राध्यापक कार्डं चाळत खुर्चीत बसलेच. "पस्तीस वर्षं शिकवतोय मी. ही नदी लहान अक्षराने लिहिली होती?"

"तीन ठिकाणी."

ते पोट धरून हसले. साहेबांना म्हणाले, "माझं पुढचं पुस्तकही यांच्याच हाताखालून जाऊ द्या." मावशींनी लगेच डबा उघडला. मलाही हायसं वाटलं.

महिन्याभराने प्रस्तावनेचं प्रूफ आलं. शेवटी आभार होते, 'लॅटिनच्या गाढ्या जाणकार', आणि पुढे मावशींचं पूर्ण नाव. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ते छापून येत होतं. साहेब खुशीत होते. मावशींनी डोळे पुसले, चष्मा लावला, 'लॅटिनच्या गाढ्या जाणकार'वर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'मुद्रितशोधक'.

"अहो मावशी, राहू द्यायचं होतंत की," मी म्हटलं.

"चूक दिसल्यावर काढायला नको?"

मी दुरुस्ती केली. त्या घरी गेल्यावर खोका आत सरकवताना वरचं कार्ड दिसलं. शाई ताजी होती. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव, आणि खाली लिहिलं होतं: माणूस. मोठं अक्षर.