डाव्या भिंतीवरचा खिळा

आश्विनातलं ऊन कलू लागलं की कृष्णाकाठच्या त्या गल्लीत तांबूस-पिवळा प्रकाश उतरतो. कौलांवरून ओघळतो, पायऱ्यांवर थबकतो आणि चार वाजता भागीरथी फुलारींच्या दुकानात शिरतो. आठ फूट रुंद, दहा फूट खोल, पश्चिमाभिमुख दुकान. माणसाला सुखावणारं, फुलाला न सोसणारं ऊन.

नीरजाने ते ऊन आठवडाभर मोजलं होतं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मग दुकानांची अंतर्गत रचना शिकलेली ही मुलगी, भागाआत्याची भाची. आत्याचं दुकान हे तिचं पहिलं काम. तिच्या वहीत सारं होतं: ऊन किती वेळ टिकतं, ओल्या फडक्याखाली गारवा किती राहतो, मांडी घातलेल्या आत्याचा हात कुठवर पोचतो.

आणि त्या वहीतूनच दुकान उमललं. दारावर बांबूच्या कामट्यांचा तिरपा पडदा, म्हणजे चारचं ऊन बाहेरच अडावं. मागच्या भिंतीला वाळा, त्यावर थेंबथेंब पाणी. शेवंतीला खालची गार फळी, झेंडूला वरची. मध्ये आत्याची बैठक, गुडघाभर उंचीची, हाताशी सरकता खण. आणि भिंती शंखशुभ्र, निर्लेप, नितळ. एक ओरखडा नाही, एक डाग नाही.

आज पहिला दिवस. सकाळपासून फुलं टवटवीत होती. हिरवट सावलीत, जलबिंदूंनी लदलेली, जणू अजून देठावरच.

पण दुपार उलटली, आणि यमाईच्या आरतीचा हार काही होईना.

हा हार भागाआत्याचा. तिच्या आधी तिच्या आईचा, आईआधी आजीचा. रोज एक, एकही दिवस न चुकता. तो सुईने ओवायचा नाही; देवीचं फूल टोचायचं नाही. दोऱ्याच्या फासात देठ बसवायचा, फास आवळायचा, पुढचं फूल घ्यायचं. गिऱ्हाइकाच्या गजऱ्याला आत्या दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवी. देवीच्या हाराला पाय लावायचा नाही.

नीरजा बघत होती. आत्याने दोरा उचलला. तिचा डावा हात, न बघताच, भिंतीकडे गेला, नितळ चुन्यावरून जरासा फिरला आणि परत आला.

मग आत्याने दोरा खणाच्या पितळी मुठीला बांधला. पहिलाच फास आवळला, आणि खण सुळ्ळकन बाहेर आला. आत ढकलला. दुसरा फास, पुन्हा खण बाहेर.

"काय झालं, आत्या?"

"काही नाही गं. नवं आहे, हाताला सवय होईल."

पाच वाजता दारात दगडू गुरव उभा राहिला. बांबूचा पडदा बोटाने वर करून आत डोकावला.

"भागाबाई, दुकान काढलंय का दवाखाना? चपला बाहेर काढू?"

"काढ, आणि डोकंही बाहेरच ठेव."

तो हसला. मग परडीतल्या चार बोटं लांब हाराकडे बघून हसायचा थांबला. "आरतीला तास राहिला, बाई."

आत्या खालच्या आवाजात म्हणाली, "दगडू, आजचा हार वेशीवरच्या हारवाल्याकडून ने. उद्यापासूनही... बघ त्याला विचारून. माझे हात थकले आता."

थकले? सकाळी याच हातांनी पंचवीस गजरे केले होते. नीरजाला तो नितळ भिंतीवरून फिरलेला हात आठवला. तिने वही उघडली. पहिलं पान, जुन्या दुकानाची नोंद, तिच्याच नेटक्या अक्षरात: डावी भिंत, जमिनीपासून सव्वातीन फूट, दारापासून चार फूट. गंजका खिळा. काढून टाकणे.

तिने तो मोजला होता. फक्त विचारलं नव्हतं, तो कशाचा आहे. ताणाला दोन टोकं लागतात, हे ती पहिल्या वर्षाला शिकली होती. आणि एक टोक तिनेच उपटून त्यावर गिलावा केला होता.

"गुरवकाका, थांबा," ती म्हणाली.

सुताराच्या उरलेल्या सामानातून तिने खिळा घेतला, टेप लावला, पेन्सिलीने फुली केली. पहिल्याच घावाला शंखशुभ्र भिंतीचा टवका उडाला.

"अगं अगं, नवी भिंत! महिनाभर राबलीस ना तिच्यासाठी!"

"आत्या, सांगायचं नाही का?"

"इतक्या हौसेनं केलंस. एका खिळ्यासाठी काय सांगू?"

दुसरा घाव. तिसरा. चुन्याची पांढरी भुकटी शेवंतीच्या फडक्यावर सांडली. नीरजाने खिळा ओढून पाहिला; हलला नाही.

आत्याने बघितलंसुद्धा नाही. डावा हात आपसूक गेला, दोरा अडकला, ताणला, आणि सरळ झाला.

दगडू गुरव चपला काढून उंबऱ्यात बसला. बांबूच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा आत आल्या, दोऱ्यावर पडल्या, दोऱ्यासोबत थरथरल्या. टवका उडालेल्या भिंतीवर एक खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्यात एक देठ. फास, आणि फूल. फास, आणि फूल. फास, आणि फूल.