घरात माणसं किती?

"घरात माणसं किती?"

भोंग्यानं हे दारात उभं राहून विचारलं, तेही अगदी अनोळखी माणसासारखं. साहेबांना हसू आलं.

"अरे, तुला माहीत नाही का?"

"मला काय माहीत आहे ते कंपनी विचारत नाही. तुम्ही बोला."

भोंगा साहेबांच्याच कंपनीत फील्डचा मुख्य होता. लोक काय खातात, काय वापरतात, कशाला कंटाळलेत हे घरोघरी जाऊन विचारायचं आणि साबण-बिस्किटं बनवणाऱ्यांना कळवायचं, हा कंपनीचा धंदा. त्याचा आवाज असा की खालच्या दारात प्रश्न विचारला तर वरच्या मजल्यावरून उत्तर यायचं. म्हणून नाव भोंगा.

पण आता दारं ठोठावणारी माणसं गिऱ्हाइकांना नको होती. साहेबांची लेक लग्नानंतर वेगळी राहायची आणि कंपनीत डेटाचा विभाग सांभाळायची. दुकानातली कार्डं, वीजबिलं, फोन यांवरून कोणत्या घरात कोण राहतं ते संगणक बसल्या जागी सांगतो, असं तिचं म्हणणं. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तर तोंडावर म्हणालं होतं, बदला, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो.

साहेबांनी तोडगा काढला. थोडी घरं घ्यायची. संगणकानं अंदाज करायचा, भोंग्याच्या माणसांनी विचारून यायचं. खरं काय ते नंतर शेजारीपाजारी चौकशी करून ताडून बघायचं. फील्ड सरस ठरलं तर फील्ड राहील. बरोबरी झाली तर स्वस्त पडेल ते, म्हणजे संगणक. सगळ्यांसमोर त्यांनी तसा शब्द दिला. घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि त्यात साहेबांचंच घर निघालं. लेक म्हणाली, काढून टाकू. साहेब म्हणाले, आलं ते आलं.

"साहेब, मला अजून दोन जिने चढायचेत. माणसं किती?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर बायकोची शाल होती. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. शाल उचलायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं.

"दोन," ते म्हणाले.

भोंग्याचं पेन थांबलं. तिला निरोप द्यायला तोही आला होता, आणि त्या दिवशी त्याच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि लिहिलं, दोन. मग चहा कुठला, साबण कुठला, टीव्ही किती वेळ, असं सगळं विचारलं. शेवटचा एक प्रश्न उरला होता, पण तोवर साहेबांनी दार लोटून घेतलं.

निकालाच्या दिवशी साहेबांच्या खोलीत तिघंच होते. लेक वाचत गेली. कुठे संगणक चुकला होता, कुठे फील्ड. आजोबा मुलाकडे राहायला गेलेत हे संगणकाला कळलं नव्हतं. एका बाईनं भाडेकरू लपवला होता, तो फील्डला सापडला नव्हता. शेवटच्या घराशी येईपर्यंत दोघं अगदी बरोबरीत होते.

"हे आपलं घर आहे, बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज उतरला. "संगणक म्हणतो, दोन माणसं. तुमच्या कार्डावर अजून आईचा केसांचा रंग येतो. गुडघ्याचं मलम येतं. बिनसाखरेची बिस्किटं येतात. म्हणून तो चुकला."



ती भोंग्याकडे वळली. "पण काका, तुम्हीसुद्धा दोनच लिहिलंत. तुम्हाला तर माहीत होतं."

"समोरचा सांगेल ते लिहायचं. आपल्या मनचंच लिहायचं असेल तर जिना चढायचा कशाला? फील्ड उभं केलं ते तुझ्या आईनं. पहिल्याच दिवशी ताईंनी सांगितलं होतं मला. असं झापलं होतं की अजून लक्षात आहे."

"एक लिहिलं असतंत तर आज फील्ड जिंकलं असतं."

"बेरीज मलाही येते, पोरी."

"खोटं मी बोललो," साहेब म्हणाले. "तिथे एक धर. फील्ड बरोबर होतं."

"मुळीच धरू नकोस," भोंगा म्हणाला. "ताईंच्या फील्डनं कधी उत्तर बदललं नाही. आता जाता जाता बदलायचं होय? साहेब, तुम्ही शब्द दिलाय. माझ्या माणसांतली जेवढी हिच्या विभागात बसतील तेवढी बसवा. माझं सोडा. घरातला उंदीर मला कधी धरता आला नाही, हिच्या संगणकाचा काय धरणार?"

लेक हसली आणि लगेच तोंड फिरवून खिडकीकडे बघू लागली. साहेबांनी सही केली. सही करताना त्यांना वाटलं, बायको असती तर आपल्याकडे बघून काय म्हणाली असती?  

फील्ड बंद झालं त्या संध्याकाळी घराची बेल वाजली. दारात भोंगा उभा होता, खांद्याला कंपनीची पिशवी.

"अरे, पिशवी ऑफिसात द्यायची ना."

"देतो. आधी एक काम राहिलंय. तुमची मुलाखत अर्धी आहे. अर्धी मुलाखत आणली की ताई परत पाठवायच्या, मग पाऊस असो नाहीतर ऊन."

"फील्ड बंद झालंय, भोंग्या."

"अजून ऑफिसची वेळ संपली नाहीये."

 साहेब दार पूर्ण उघडून चौकटीत उभे राहिले. "पहिल्यापासून विचार."

भोंग्यानं पेन काढलं. "घरात माणसं किती?"

समोरच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं. 

"एक."

भोंग्यानं लिहिलं. चहा, साबण, टीव्ही, सगळं पुन्हा विचारलं. मग शेवटचा प्रश्न आला. तो ताईंनीच घातलेला होता. त्याचं उत्तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही म्हणून लेकीनं नव्या कामातून तो काढून टाकला होता. तो विचारल्यावर घड्याळाकडे बघायचं नाही, पाय हलवायचा नाही, फक्त थांबायचं, असा ताईंचा नियम होता.

"आणखी काही सांगायचंय?" भोंग्यानं विचारलं. एवढ्या हळू आवाजात त्याला बोलताना साहेबांनी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं पिशवी उंबऱ्यापाशी ठेवली. पेनाला टोपण लावलं नाही. आणि तो थांबला.