प्रेमिला माझ्यात बसली

मी एक जुना डोंगा आहे, लहानशी होडी. मित्रांनो, आज मी बोदलकसाच्या तलावाकाठी उपडा पडलो आहे आणि माझ्या पोटाखाली कोंबडी अंडी घालते. तरी मला बिचारा म्हणू नका. ते मला खपणार नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी उदाराम नावाच्या मासेमाराने एक जाड खोड आतून कोरून मला घडवलं. त्याच्यामागे त्याचा मुलगा कवडू मला चालवू लागला. मी जाळी वाहिली, शिंगाडे वाहिले, एकदा तर चिखलात रुतलेलं वासरूही काठाला आणलं. लोक माझं कौतुक करत. फक्त बायकांना माझ्यात बसायची बंदी होती. बाई बसली की जाळं रितं येतं म्हणे. मला कुणी विचारलं नव्हतं.

कवडूची बायको प्रेमिला दवनीवाड्याची, धानाच्या बांधांवर वाढलेली. लग्नानंतर इतकी वर्षं पाण्याकाठी राहिली, पण पाण्यावर कधी गेली नाही. एका हिवाळ्यात दूरदेशीची बदकं तलावाच्या मधोमध उतरली. तिची लेक गिरजा ती जवळून पाहायला हटून बसली, तेव्हा प्रेमिलाही निघाली.

बकाराम हा मासेमारांचा म्होरक्या, तिचा चुलत सासरा. माहेरी बांध पाहिलेस, आता समुद्र पाहायचा आहे का, अशी त्याने आधी थट्टा केली. मग बजावलं, जाळं रितं आलं तर या डोंग्याचं सरपण करीन.

प्रेमिला म्हणाली, "मामाजी, मासोळीची पाटी मीच डोक्यावर बजारात नेतो. तवा नाही बाटत ते?"

आणि ती बसली. मांडीवर तान्हा, पुढ्यात गिरजा. कवडूने बांबू रेटला. तिचं वजन मला कळलं. भरलेल्या जाळ्याएवढं, त्याहून वेगळं काही नाही.

बदकं इतकी जवळ होती की त्यांच्या पाठीवरून ओघळणारे थेंब दिसत होते. पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते. तान्ह्याने दूध सोडून मान वळवली. तेवढ्यात शेजारचं पाणी फुगलं. एक काळी पाठ वर आली, वळली, वळतच राहिली. एवढा मासा कवडूनेही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जाळं खरंच हलकं आलं. बकाराम कुऱ्हाड घेऊन काठावर आला. कवडू खाली मान घालून उभा राहिला. प्रेमिला मात्र लेकरांसकट येऊन माझ्यात बसली.

"चालवा कुऱ्हाड, मामाजी. मी उतरत नाही."

कुणी हललं नाही. मीही नाही.

मग गिरजा म्हणाली, "आबाजी, मासा तुमच्या म्हशीएवढा होता."

बकारामने उभा जन्म त्या पाण्यात काढला होता, पण एवढा मासा कधी पाहिला नव्हता. त्याच्या हातातली कुऱ्हाड हळूहळू खाली झुकली.

"कोठी?" त्याने जागा विचारली.

प्रेमिलाने सरकून जागा केली. "बसा. दाखवतो."

तो बसला. बाईमाणसाशेजारी बसला. मासा त्या दिवशी दिसला नाही, पण कुऱ्हाड काठावरच राहिली. म्होरक्याच बाईशेजारी बसला, मग सगळ्या डोंग्यांत बायका बसू लागल्या.

मित्रांनो, जुन्या डोंग्याला उन्हात तडकू देऊ नका. तेल द्या, भेगा बुजवा. माझ्यात अजून बळ आहे. आणि मला पाण्यात लोटाल, तेव्हा आधी तुमच्या आईला बसवा. मी बुडणार नाही.